टेकलेली टाच

दुर्गदबैलाच्या बाजारात लोक म्हणतात, रामचंद्र अण्णांच्या घरी पट्टे दोन. एक लोखंडाचा, तो दसऱ्याला बाहेर निघतो. दुसरा अक्कांच्या, म्हणजे माझ्या, तोंडाचा, त्याला दसरा लागत नाही. म्हणू देत. कापडाच्या दुकानात उधारीवाल्यांनाही चहा पाजणारा नवरा असला की बायकोला तोंड ठेवावंच लागतं.

आमचे हे दिवसा कापड फाडत आणि पहाटे तालमीत पोरांना लाठी आणि दांडपट्टा शिकवत. दुकानात ते अण्णा, तालमीत वस्ताद आणि माझ्यासाठी ‘अहो’. दांडपट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांना थोडं सांगते. लांब, लवलवतं पातं आणि मुठीच्या जागी लोखंडी खोबळा. त्या खोबळ्यात कोपरापर्यंत हात घालायचा. मनगट आत बंद होतं. मग जे काही फिरायचं ते खांद्यातून, कमरेतून आणि पायांतून.

दसऱ्याच्या संध्याकाळी बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाकडे मिरवणूक निघते, त्याआधी पट्ट्याची सलामी होते. आमच्या दुकानासमोरच्या चौकात तालमीतली तांबडी माती घमेल्यांनी आणून ओततात. पट्टेकरी उजव्या हातात पट्टा चढवून त्या मातीवर उभा राहतो, उकिडवा बसतो, दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या. डाव्या हातानं चिमूटभर माती उचलून कपाळाला लावतो आणि तसाच सरळ उठतो. चिमूट चालते, पंजा टेकलेला चालत नाही. पंजा टेकला की पट्टा तिथल्या तिथे उतरवायचा आणि त्याचं पुढे काय करायचं ते तालमीच्या पंचांनी ठरवायचं. सलामी नीट झाली, तर मात्र पट्टेकऱ्याला हक्क असतो. त्याला वाटलं तर तो आपल्या हातानं दुसऱ्याच्या हातात पट्टा चढवू शकतो. मग त्या नव्या माणसानं तिथेच, त्याच मातीवर आपली पहिली सलामी द्यायची.

दोन हजार तीन सालच्या नागपंचमीला तालमीत सरावाला हे खाली बसले आणि उठेनात.

हे मला ह्यांनी सांगितलं नाही. पांडुरंगनं सांगितलं. पांडुरंग हा ह्यांचा सगळ्यात जवळचा शिष्य, धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात मशीनवर उभा असतो. लहानपणापासून आमच्या घरात येऊन डबे उघडून खाणारा. तो दुकानामागच्या दारानं आला आणि म्हणाला, “अक्का, अण्णांना काखेत हात घालून उठवलो मी. कुणाला सांगू नको म्हटलेत. म्हणून तुम्हालाच सांगायलोय.”

त्या दिवशी मी लक्ष ठेवलं. देवघरातून उठताना हे चौकट धरत होते. चप्पल घालताना भिंत धरत होते. मी विचारलं तर म्हणाले, “काय नाही गं, बैठका कमी पडल्यात. वाढवतो.” आणि खरंच वाढवल्या. पहाटे उठून घाम गळेपर्यंत बैठका, आणि संध्याकाळी गुडघ्याला तेल. मांड्या पूर्वीपेक्षा टणक झाल्या. बसणं मात्र रोज थोडं आणखी वर राहू लागलं. माझा राग नाकावरच असतो, पण ह्यांचा गुडघा दाबताना तो कुठे गेला कुणास ठाऊक. मला भीती वाटत होती.

त्यात मुकुंदराव आले. मुकुंदराव वकील, तालमीचे अध्यक्ष आणि ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. माणूस मनानं चांगला, पण कुठल्याही गोष्टीचा निकाल लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “रामचंद्र, बिडरी आता, सोड. वय झालं की आपलं. चौकात चारशे लोकांसमोर हात टेकलास तर आम्हालाच बघवणार नाही. पट्टा काचेच्या कपाटात ठेवूया. दसऱ्याला हार घालू, फोटो काढू. कपाट करायला टाकलंय मी.”

“आणि सलामी?” ह्यांनी विचारलं.

“आता कोण बघतंय सलामी? पोरांना मॅट पाहिजे, मशीन पाहिजे.”

मुकुंदराव गेल्यावर ह्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग मला म्हणाले, “वेंकटेश वस्तादांचा हात टेकला होता, तुला आठवतंय?”

मला कसं आठवणार? आमचं लग्न व्हायचं होतं. पण गोष्ट मी ऐकलेली होती. वेंकटेश वस्ताद म्हणजे ह्यांचे गुरू. भर चौकात सलामी देताना त्यांचा तोल गेला आणि पंजा मातीत उमटला. पंचांनी पट्टा उतरवून ह्यांच्या हातात चढवला. लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं. वस्ताद गर्दीतून वाट काढत घरी गेले, ते पुन्हा तालमीची पायरी चढले नाहीत.

“मला पट्टा द्यायचाय, सुलभा,” हे म्हणाले. “पांडुरंगला. माझ्या हातानं. माझ्याकडून कुणी काढून घेऊ नये. आणि कपाटात तर नकोच नको.” हे मला नावानं क्वचितच हाक मारतात. पांडुरंगला आधी काही सांगायचं नाही, असंही बजावलं. पट्टा मागून मिळत नाही आणि कळवूनही देत नाहीत, अशी ह्यांची रीत.

मग मी वेदश्रीला गाठलं. वेदश्री माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, फिजिओथेरपी शिकून कोप्पीकर रोडवर एका दवाखान्यात काम करायची. रविवारी तिला जेवायलाच बोलावलं. ह्यांना दवाखान्यात नेणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. तिनं ह्यांना भिंतीसमोर उभं केलं. पाऊल भिंतीपासून वीतभर मागे. म्हणाली, “काका, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा बघू.”

हे हसले. “एवढंच?” गुडघा पुढे नेला. तो अर्ध्या वाटेत अडला. थोडा जोर लावला तशी टाच वर आली. पुन्हा केलं, पुन्हा टाच वर. पट्ट्यानं लिंबू चिरणारा माणूस भिंतीपुढे लहान पोरासारखा उभा राहिला. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

“ताकद भरपूर आहे काका. गुडघाही चांगला आहे,” वेदश्री म्हणाली. “घोटा आखडलाय. आणि खुबा. टाच खाली राहीना झाली की माणूस बसताना मागं कलंडतो, मग हात टेकतोच.”

“पण बैठका मारतो की मी!”

“बैठकीत टाच उचलता तुम्ही. उचलायचीच असते. म्हणून इतकी वर्षं कळलंच नाही. किती बैठका मारल्या तरी टाच काही खाली राहायला शिकत नाही.”

हे वाकून आपल्या टाचेकडे बघायला लागले. मग तिनं विचारलं, “काका, तुम्ही जमिनीवर शेवटचं कधी बसलात?”

ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घराच्या मधोमध उभं होतं. जेवणाचं टेबल.

ते टेबल ह्यांनी माझ्यासाठी आणलं होतं. किरणच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या लग्नात पंगती वाढून वाढून माझी कंबर धरली. तेव्हा हे कुणाला न विचारता कोप्पीकर रोडवर गेले आणि हातगाडीवर टेबल घालून, स्वतः गाडीमागून चालत आले. “आता वाकायचं नाही,” म्हणाले. बाजारातल्या बायका बघायला आल्या होत्या. त्याच वर्षी किरणनं दुकानातली गादी काढून काउंटर केला आणि वडिलांना फिरती खुर्ची दिली. बापाच्या वेळेपासून गादीवर मांडी घालून बसणारा माणूस खुर्चीत गेला. मग संडासही खुर्चीसारखा झाला. तालमीत माती बाजूला सारून मॅट घातली. एकेक सुख घरात आलं आणि ह्यांची टाच तेवढी वर सरकली. दोष तरी कुणाला द्यायचा? सगळं प्रेमानंच आलेलं.

“उद्यापासून जेवण खाली,” मी जाहीर केलं.

“नाही. टेबल तुझ्यासाठी आणलंय. तू वाकायचं नाहीस.”

“मी वाकत नाही, मीही खालीच बसते. भांडी मधे ठेवू. आपापलं वाढून घेऊ.”

“लोक काय म्हणतील? टेबल असून खाली?”

“लोक माझ्याबद्दल काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यात अजून एक.”

पहिल्या दिवशी हे खाली बसले तो प्रसंग मी विसरणार नाही. एक पाय आत गेला, दुसरा गेलाच नाही, आणि गुडघे दोन्हीकडे टांगलेल्या कंदिलासारखे वर राहिले. मी हसले. हे चिडले आणि भाकरीचा तुकडा तसाच ताटात टाकला. मग मी देवघरातला उंच पाट आणून त्यांच्याखाली सारला. पाटावर गुडघे जरा खाली आले. काही आठवडे तो उंच पाट, मग बुटका पाट, मग घडी घातलेलं घोंगडं. वेदश्री रविवारी येऊन बघायची आणि मान हलवायची. घाई करायची नाही, दुखलं की तिथेच थांबायचं, श्वास सोडायचा आणि मग हळूच आणखी थोडं. ह्यांना हे फार जड गेलं. आयुष्यभर दुखलं की जोर वाढवायचा, एवढंच शिकलेला माणूस.

घोट्याचं काम सकाळी. दात घासताना गुडघा भिंतीकडे, टाच खाली. दुकानाच्या पायरीवर पुढचा पाय टेकवून टाच खाली सोडायची. खुब्यासाठी पाठीवर झोपून पाय गोल फिरवायचा. हे किरणच्या लेकीला फार आवडलं, ती शेजारी झोपून तसंच करायची. आणि उकिडवं बसण्यासाठी वेदश्रीनं सांगितलं, काहीतरी न हलणारं दोन्ही हातांनी धरा आणि त्याच्या आधारानं खाली जा. घरात न हलणारं एकच होतं. ह्यांनी टेबलाचा पाय धरला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी आमचे हे टेबलाचा पाय धरून उकिडवे बसायचे आणि मी समोर बसून भाजी निवडायची. आधी तोंड वेडंवाकडं व्हायचं. मग बोलणं सुरू झालं. खुर्चीत बसलेला माणूस पेपर वाचतो. खाली बसलेला माणूस शेंगा सोलायला मदत करतो. कितीतरी वर्षांनी आम्ही समोरासमोर, एका उंचीवर बसून बोलत होतो. मला ते फार आवडायचं, हे मी तेव्हा ह्यांना सांगितलं नाही.

असंच एकदा शेंगा सोलताना हे म्हणाले, “आमचे वेंकटेश वस्ताद पहाटे आल्याबरोबर ढेकळं फोडायला बसवायचे. सगळी माती हातानं चाळायची, उकिडवं बसून, टाच टेकून. टाच उचलली की पाठीत लाठीचं टोक. आम्हाला वाटायचं, फुकटात माती मऊ करून घेतायत.” मग शेंग तशीच हातात राहिली. “मी शिकवायला लागलो तेव्हा ते बंद केलं. पोरांचा वेळ जातो म्हणून.”

“मग पांडुरंगची टाच बघितलीत का?” मी विचारलं.

“पांडुरंग? अगं, घोडा आहे तो. त्याच्या टाचेला काय झालंय?”

मी आणखी दोनदा विचारलं. दोन्हीदा घोडाच.

दसरा आला. सकाळी हे टेबलाला हात न लावता खाली बसले आणि उठले. टाचा फरशीला चिकटलेल्या. मी देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. चौकात माती पसरली होती, हलगी वाजत होती. मुकुंदराव पांढऱ्या टोपीत पुढेच. लोक ह्यांच्याकडे बघून कुजबुजत होते, कारण बाजारात गुडघा लपत नाही. हे मातीवर आले. खोबळ्यात हात घातला. हलगी थांबली. एका म्हाताऱ्या हमालानं मायेनं म्हटलं, “मेल्लग कुंदर्री, अण्णा.” हळू बसा.

हे बसले. हळू, पाठ ताठ, पातं हवेत सरळ. मी चेहऱ्याकडे बघितलंच नाही, टाचांकडे बघितलं. टेकलेल्या. चिमूट घेतली, कपाळाला लावली, आणि उठले. कसलाही झटका नाही. गर्दीनं असा आवाज केला की वरच्या तारांवरची पाखरं उडाली. माझा जीव भांड्यात पडला.

मग ह्यांनी खोबळ्यातून हात काढला आणि गर्दीत बोट केलं. “पांडुरंग, ये.”

पांडुरंगनं आधी मागे वळून पाहिलं. दुसरा कुणी पांडुरंग असेल असं त्याला वाटलं. मग पुढे आला. ह्यांनी त्याच्या उजव्या हातात पट्टा चढवला, पाठीवर थाप मारली आणि दोन पावलं बाजूला झाले. पांडुरंग मातीवर उभा राहिला. दणकट गडी, रुंद छाती. आणि मला एकदम त्याचे कारखान्यातले जड बूट आठवले, ज्यांत तो दिवसभर उभा असतो.

तो खाली गेला. टाचा टेकलेल्या होत्या, पण कशा, तर दात-ओठ खाऊन. चिमूट घेतली. कपाळाला लावली. उठताना डाव्या पायाची टाच वर आली. पट्ट्याच्या वजनानं तो एका बाजूला गेला आणि डावा पंजा मातीकडे निघाला.  मुकुंदरावांचं तोंड उघडं पडलं.

तो पंजा मातीपर्यंत पोचलाच नाही. आमचे हे, दोन महिन्यांपूर्वी देवघराची चौकट धरून उठणारे, एका दमात खाली बसले होते. उकिडवे, टाचा टेकून, आणि आपला हात मातीवर उताणा पसरून. पांडुरंगचा पंजा त्या हातावर पडला. क्षणभर दोघे तसेच, तोंडासमोर तोंड. मग हे हळूच म्हणाले, “ऊठ.” तो उठला. त्याच्याबरोबर हेही उठले.

 मुकुंदराव पुढे आले. “रामचंद्र, हात टेकला त्याचा.”

“कशावर?”

“कशावर म्हणजे?”

ह्यांनी पांडुरंगचा पंजा धरून सगळ्यांना दाखवला. स्वच्छ. मग आपला हात उलटा केला. मागची बाजू तांबड्या मातीनं माखलेली. “माती मला लागलीय. आणि पट्टा आता माझा नाही. माझा हात टेकला तर काय झालं?”

मुकुंदराव दोन्ही हातांकडे आळीपाळीनं बघत राहिले. वकिलाच्या डोळ्यांत पाणी मी त्याच दिवशी पाहिलं. मग ते हलगीवाल्यावर ओरडले, “वाजव की रे! कशाची वाट बघायलास?” त्या काचेच्या कपाटात आता आमच्या दुकानातले फेटे असतात.

घरी येऊन बन्नीची पानं वाटून झाली. पांडुरंग जेवायला होताच. खाली बसताना त्याचा घोटा कुरकुरला तसं ह्यांनी न बोलता उंच पाट त्याच्याकडे सरकवला. “उद्या पहाटे मॅट गुंडाळायची,” म्हणाले. “सगळ्यांनी ढेकळं फोडायची. पहिला तू.”

तो “हौद्री, होय अण्णा,” म्हणाला आणि ताटात मान घालून रडला. मी त्याला आणखी एक होळिगे, पुरणपोळी, वाढली, दुसरं काय करणार.

तो गेल्यावर हे डावा हात धुवायला उठले, जेवताना तो बाजूलाच ठेवला होता, त्याची माती तशीच होती. मोरीपाशी थांबले. हाताकडे बघत म्हणाले, “वेंकटेश वस्तादांचा हात टेकला ना, तेव्हा मी इतकाच लांब उभा होतो. दोन पावलं. तेव्हा तर माझ्या टाचा चांगल्या होत्या की गं. मला बसता येत होतं. पण सुचलं नाही.”

मी तांब्या खाली ठेवला आणि तो मातीचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला. पुष्कळ वेळ धरून ठेवला. बोलायला मला एक शब्द सुचला नाही. हे मात्र बाजारात कुणाला सांगू नका.